आधी पाणी जाऊ दे

भाजलेल्या भाजीला चव नाही अशी तक्रार केली की समोरचा माणूस हमखास मसाल्याचं नाव सांगतो. पेरीपेरी घाला, ओरेगानो घाला, नाहीतर वरून चाट मसाला भुरभुरा. गेल्या लग्नसराईत बेळगावात टिळकवाडीतल्या एका कार्यालयात ‘रोस्टेड व्हेजिटेबल’ अशी पाटी लावून एक वेगळं टेबल मांडलं होतं. फ्लॉवर, गाजर, ढब्बू मिरची, बेबी कॉर्न, सगळं एका झाकणाच्या भांड्यात वाफाळत पडलेलं. वाढणारा पोरगा प्रत्येक ताटात वाढून झालं की वर दोन चिमटी लाल पूड मारत होता. भाजी ओली, पूड कोरडी, तोंडात दोन्ही वेगवेगळी लागत होती. माझ्या शेजारचे पाहुणे म्हणाले, ‘मसाला कमी पडलाय बघा.’ मसाला कुठला कमी! पाणी जास्त होतं.

मी फाउंड्रीतला माणूस. उद्यमबागेत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्यात निम्मं आयुष्य गेलं. स्वयंपाकघरात शिरलो तो फार उशिरा, घरच्यांच्या शाळेची वेळ दुपारची झाली तेव्हा, नाइलाजानं. पण शिरल्यावर एक गोष्ट ओळखीची निघाली. आमच्या धंद्यात ओलाव्याशी रोजचा झगडा. साच्याच्या वाळूत तीन-चार टक्के पाणी लागतंच, त्याशिवाय ती बसत नाही. ते जास्त झालं की चौदाशे डिग्रीच्या आसपासचा रस आत पडल्याबरोबर त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती मिळाली नाही तर वाफ रसात घुसते आणि कास्टिंगला आतून पोकळ्या पडतात. ब्लो होल म्हणतात त्याला. माल रिजेक्ट. तेव्हा वाळू हातात घेऊन, मूठ दाबून ओलावा ओळखायची सवय लागलेली. तीच सवय मी फ्लॉवरला लावली, एवढंच.

हिशेब साधा आहे. वांग्यात आणि फ्लॉवरात नव्वद टक्क्यांवर पाणी, गाजरात अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, बटाट्यात ऐंशीला थोडं कमी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडं पाणी शंभरला नाही, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव डिग्रीलाच उकळतं. भाजीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचं अंग त्याच्या वर फारसं तापत नाही, खाली आच कितीही मारा. आणि ज्याला आपण खमंग म्हणतो ते सुरू होतं साधारण एकशेचाळीस डिग्रीपासून पुढं. तिथं भाजीतली साखर आणि प्रथिनातले घटक एकमेकांशी भिडतात, रंग तपकिरी होतो, आणि वासाची शेकडो नवी द्रव्यं तयार होतात. मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली हे मांडलं, त्याच्याच नावानं ती क्रिया ओळखली जाते. आमच्या आईला मायार ठाऊक नव्हता, पण ‘पाणी आटल्याशिवाय खरपूस कसं होईल रे’ हे ती मला कांदा परतताना सांगायची.

तर भाजी भाजायची म्हणजे अठ्ठ्याण्णवपासून एकशेचाळीसपर्यंतचा मधला पल्ला तिला लवकर ओलांडू द्यायचा. बाकी सगळं त्यातनंच येतं.

सुरुवात बाजारापासून. शनिवारी बाजाराला गेलात तर बघा, कडोली भागातनं आलेल्या फ्लॉवरवर, कोथिंबिरीवर, मेथीवर सारखं पाणी मारलेलं असतं. ‘घ्या की अण्णा, सकाळचंच हाय, तगोरी’ असं एका दमात मराठी-कन्नड दोन्ही भाषांत म्हणत मावशी गड्डा हातात देतात, तेव्हा मनगटावरनं पाणी ओघळतं. शिवाय अळीच्या भीतीनं घरी आणून तो मिठाच्या पाण्यात बुडवायचा. ते बरोबरच आहे, बुडवाच. पण त्यानंतर चाळणीत निथळला म्हणजे वाळला असं नाही. फ्लॉवरच्या तुऱ्यात पाणी धरून बसतं. मी तुरे मोकळे करून जुन्या पंचावर पसरतो आणि पंखा लावून अर्धा-पाऊण तास तसेच सोडतो. पावसाळ्यात जास्त वेळ. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या अनगोळच्या घरात टॉवेलसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथं फ्लॉवरचं काय घेऊन बसलात. पण पंख्याखाली ठेवलेला आणि न ठेवलेला असे दोन वाटे एकदा शेजारीशेजारी भाजून खा, मग मला मसाला विचारायची गरज राहणार नाही.

कापण्यातही हेच. जेवढा सपाट भाग गरम पत्र्याला टेकेल तेवढा खमंगपणा. फ्लॉवरचे गोल तुरे एका टिंबावर उभे राहतात. मी ते देठातनं उभे चिरतो, म्हणजे एक बाजू सपाट होते, आणि ती बाजू खाली ठेवतो. गाजराच्या चकत्या नको, उभे लांब काप. कांद्याची मुळाकडची गाठ तशीच ठेवून पाकळ्या न सुटतील अशा उभ्या फोडी. तेल ट्रेवर वरनं ओतायचं नाही. परातीत भाजी घ्यायची, अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे तेल, आणि हातानं चोळायचं. प्रत्येक फोड चकचकीत दिसली पाहिजे पण परातीच्या तळाला तेल साचता कामा नये. पत्रा आणि फोड यांच्यामध्ये बारीक फटी असतात, त्या तेल भरून काढतं आणि उष्णता पोचवतं. ते त्याचं काम. मीठ अगदी भाजायला टाकायच्या क्षणी. आधी मीठ लावून ठेवलं की फोडी पाणी सोडतात आणि पंख्याची सगळी मेहनत वाया. वांग्याच्या कापांचं तेवढं उलट. त्यांना मीठ लावून वीस मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी टिपून टाकायचं आणि मगच तेल. नाहीतर वांगं किती तेल पितं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता ट्रे. घरोघर एकच चूक दिसते, आणि ती काटकसरीतनं येते: दोन ट्रेची भाजी एकाच ट्रेत. एकावर एक फोडी बसल्या की खालच्या फोडींची वाफ वरच्यांना लागते आणि सगळं मिळून उकडतं. लग्नातल्या त्या टेबलावर हेच झालेलं. फोडींमध्ये बोटभर जागा पाहिजे. जागा नसेल तर दोनदा भाजा. ‘गॅस किती जातोय’ म्हणून घरात कुणी बोललं तर बोलू दे.

आमच्याकडं छोटा ओव्हन आहे, थोरल्या मुलीनं पुण्याहून पाठवलेला. कामावरचं एक जुनं थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायची तार, पडून होतं, ते आणून मी त्याची परीक्षा घेतली. (घरच्यांचं म्हणणं, ओव्हनला ताप आलाय की काय?) खटका दोनशेवीसवर, आत दोनशेच्याही खाली. मागच्या कोपऱ्यात जास्त, दाराजवळ कमी. दार उघडलं की भसकन चाळीसेक डिग्री खाली, आणि परत चढायला बराच वेळ. तेव्हापासून मी रिकामा ट्रे आत ठेवूनच ओव्हन पंधरा-वीस मिनिटं तापवतो. तापलेल्या ट्रेवर भाजी पडली की चर्र आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर भाजी तिथं नुसती बसून घामेजणार. मध्ये एकदाच उलटायची. दर पाच मिनिटांनी दार उघडून बघणाऱ्या माणसाला मी स्वयंपाकघराबाहेर घालवतो.

लाइटचा भरवसा नसतो तेव्हा बिडाचा तवा. बीड म्हणजे आमचं पोटापाण्याचं, त्यामुळं थोडं जास्त बोलतो, चालवून घ्या. लोकांना वाटतं बीड लवकर तापतं. उलट आहे. ॲल्युमिनियमच्या मानानं ते उष्णता पुढं सरकवण्यात चार-पाच पट आळशी. म्हणून मोठ्या आचेवर ठेवलं तर मध्ये लाल आणि कडेला थंड. पण जड असल्यामुळं साठवण भरपूर, आणि एकदा भरलं की गार भाजी पडली तरी ते हबकत नाही. पातळ नॉनस्टिकवर ओली भाजी टाकली की तवा तिथंच बसतो. तर मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं रिकामा तापवा. पाण्याचा थेंब टाकला आणि तो फुस्स न होता गोळी होऊन पळाला, की समजा तयार. झाकण ठेवायचं नाही. गाजर, बीट असली कडक मंडळी असतील तर पहिली चार मिनिटं झाकण चालेल, नंतर काढलंच पाहिजे.

आणि ऐका. म्हणजे खरंच कान देऊन ऐका. भाजी तव्यावर पडल्यावर आधी जो तडतडाट होतो तो पाण्याचा. तो चालू असेपर्यंत रंग येणार नाही, उलटणं घातलं तरी भाजी सोडवून येत नाही, तुकडे पडतात. मग आवाज बारीक होत जातो, अधनंमधनं एखादी टिचकी. तिथनं पुढच्या तीन-चार मिनिटांत सगळा खेळ आहे. फोड आपणहून तवा सोडते. उचलून बघाल तर खालच्या अंगाला कडेनं गडद तपकिरी आणि मध्ये बदामी असा रंग चढलेला असतो, आणि तेल जे आधी फेसाळत होतं ते शांत, स्वच्छ दिसतं. तेव्हाच उलटायची.

बटाट्याचं थोडक्यात सांगतो. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं त्यातल्या पिठाची साखर होते आणि भाजताना आत शिजायच्या आधी बाहेर काळा पडतो. आग्रा असो, इंदूर असो की आपला तांबड्या मातीतला लोकल, फोडी करून पाण्यात मीठ आणि लिटरला पाव चमचा खाण्याचा सोडा घालून उकळा. सोड्यानं कडा सुटतात. मग निथळून त्याच पातेल्यात जरा हिसडा द्या, म्हणजे बाहेरनं पिठूळ, खरबरीत होतात. तेल त्या खरबरीत अंगाला धरतं. पुढं वर सांगितलं तसंच.

रताळ्याला मात्र हे सगळे नियम उलटे लावायचे, म्हणून त्याच्यावर जास्त लिहितो. शिवाय रताळं आपलं. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या तांबड्या मातीत ते पिकतं, आणि नवरात्राच्या सुमाराला बेळगावच्या यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. बाहेरच्या व्यापाऱ्यांचे ट्रक भरून जातात, आणि आपण उपासाला तूप-गुळाच्या पाकात टाकून मोकळे होतो. गुळाची गरजच नसते खरं तर.

रताळ्याच्या आत एक विकर (एन्झाइम) असतं, पिठाची साखर करणारं. ते कच्च्या रताळ्यात फारसं काही करू शकत नाही, कारण पिठाचे दाणे घट्ट असतात. साठ डिग्रीच्या वर दाणे फुगतात, मऊ होतात, मग ते कामाला लागतं, आणि पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढं गेलं की ते स्वतःच निकामी होतं. म्हणजे साठ ते पंचाहत्तर या टप्प्यात रताळं जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. कुकरमध्ये तीन शिट्ट्या मारल्या, मायक्रोवेव्हमध्ये सहा मिनिटं फिरवलं, की तो टप्पा पळतच ओलांडला जातो. मऊ होतं, गोड होत नाही.

आमची आई चुलीवरच्या भाकऱ्या संपल्या की लाकडं मागं ओढायची, निखारे बाजूला सारायची आणि उरलेल्या गरम राखेत रताळी पुरायची. वर पुन्हा राख, तिच्यावर दोन-चार निखारे. तेवढ्यात आमचं जेवण, भांडी, गुरांना पाणी, आणि मग संध्याकाळ पडायच्या आधी कधीतरी ती चिमट्यानं उकरून काढायची. साल सुटून आलेली, आणि टोकाला जिथं तुटलेलं असेल तिथं काळा चिकट पाक वाळून बसलेला. तो पाक दातानं ओरबाडायला आम्हा भावंडांत मारामाऱ्या. तेव्हा वाटायचं की चुलीची जादू. जादू राखेची होती. राख उष्णता हळू सोडते, रताळं तासन्‌तास त्या टप्प्यातच राहतं.

ओव्हनमध्ये हेच करायचं तर मध्यम जाडीची, शक्यतो सारखी रताळी घ्या. धुऊन, पुसून, न सोलता, न टोचता थंड ओव्हनमध्ये ठेवा, खटका एकशेचाळीसवर. दीड तास विसरून जा. खाली एखादी जुनी ताटली ठेवा, पाक गळतो. मग खटका दोनशेवीसवर, वीस-पंचवीस मिनिटं. आता हवा तो काळेपणा येऊ दे. साल गराला सोडून पोकळ होते, दाबलं तर आत मऊ आणि बाहेर कागदासारखं वाजतं. वर लोण्याचा गोळा आणि मिठाचे चार खडे. बस्स. ओव्हन नसेल तर खानापूरचं मातीचं मडकं घेऊन त्यात रताळी, वर झाकणी, आणि बारीकात बारीक आचेवर तवा घालून त्यावर मडकं. वेळ ओव्हनसारखाच, फक्त शेवटी मोठी आच थेट द्यायची नाही, तडा जातो. रताळी बाहेर काढून तव्यावर फिरवा.

अजून एक. रताळी काढल्या काढल्या गोड नसतात. बाजारातनं आणली की दोन-तीन आठवडे टोपलीत, वारा लागेल अशी ठेवा, गोडी वाढते. फ्रिजमध्ये कदापि नको. गारठ्यानं आत कडक गाठ धरते, ती कितीही भाजलं तरी शिजत नाही. नवरात्रात आणून दिवाळीत भाजली तर सगळ्यात उत्तम, पण आमच्याकडं तोवर ती शिल्लक राहत नाहीत.

भरताच्या वांग्यावरनं आमच्यात मतभेद आहेत. घरच्यांना गॅसवर थेट जाळीवर भाजलेलं लागतं. माझं म्हणणं, गॅसवर साल जळते आणि आत कच्चं राहतं, मग आपण घाईनं ते रगडतो. निखारे मिळाले तर प्रश्नच नाही. नसतील तर निम्मा वेळ गॅसवर मोठ्या आचेवर, साल सगळीकडनं काळी कोळसा होईपर्यंत, आणि मग बारीक आचेवर तव्यावर झाकून, देठाजवळ सुरी लोण्यात जावी तशी जाईपर्यंत. आधी चार ठिकाणी टोचायचं, नाहीतर फुटतं, आणि ओटा पुसायला लागतो. त्याच छिद्रांत लसणाच्या पाकळ्या खुपसल्या की त्या आत उकडतात, करपत नाहीत. भाजून झालं की लगेच सोलायचं नाही. चाळणीत आडवं ठेवून एक उभा चिरा द्यायचा. तपकिरी, कडसर पाणी अर्धी वाटीभर निघतं. घरचे म्हणतात त्यात धुराची चव असते, टाकू नका. मी टाकतो. त्या पाण्यासकट केलेलं भरीत दुसऱ्या दिवशी पातळ होतं आणि भाकरीवर थांबत नाही. आणि सोलताना वांगं नळाखाली धरणाऱ्या लोकांना काय म्हणावं! एवढी मेहनत करून धुराचा वास धुऊन टाकायचा? हात ओले करून साल काढा, थोडे काळे कण राहिले तर राहू द्यात.

आता मसाल्याकडं येऊ, कारण मी मसाल्याच्या विरुद्ध आहे असं समजून काही लोक माझ्याशी वाद घालतात. विरुद्ध नाही. वेळेचा प्रश्न आहे. मिरचीपूड, धणेपूड, हळद बारीक दळलेली असते, दोनशे डिग्रीच्या पत्र्यावर ती दोन-तीन मिनिटांत करपते, भाजीला अजून वीस मिनिटं हवी असतात. मग कडू लागतं आणि घरभर ठसका. लसूण चिरलेला असेल तर तोही तसाच. म्हणून आधी फक्त तेल आणि मीठ, फार तर अख्खे जिरे. लसूण शेवटच्या पाच मिनिटांत. पूड बाहेर काढल्यावर, भाजी गरम असतानाच, म्हणजे तिच्या अंगावरचं तेल ती पूड धरतं आणि वास त्या तेलात उतरतो.

हे मला शिकवलं शेजारच्या अक्कांनी. त्या गोकाकच्या, कन्नड बोलणाऱ्या. मी एकदा कारळ्याची चटणी फ्लॉवरला चोळून ओव्हनमध्ये टाकायला निघालो होतो तर कठड्यावरनं ओरडल्या, ‘म्याल हाक्री अण्णा, म्याल!’ वरनं घाला, वरनं. त्यांची ती गुरेळ्ळाची पुडी: कारळे मंद भाजून, लसूण, सुकी मिरची, मीठ, चिंचेचा बारीकसा तुकडा, सगळं खलबत्त्यात जाडसर कुटलेलं. कारळ्यांना स्वतःचा एक तेलकट, किंचित कडसर खमंगपणा असतो. भाजलेल्या फ्लॉवरच्या गोडसर चवीला तो जसा भिडतो तसं दुसरं काही नाही. गाजराला जवसाची चटणी. बटाट्याला शेंगदाण्याची, संकेश्वरी मिरचीची, भरपूर लसणाची. ढब्बू मिरचीला तिळकूट. या चटण्या आपल्याकडं उत्तर कर्नाटकात प्रत्येक घरात बरणीत असतात, त्या भाकरीबरोबर दह्यात कालवून खाऊन संपवतो. तेव्हा पेरीपेरीचं पाकीट कशाला आणायचं?

वरनं कच्चं घाण्याचं शेंगतेल, एक चमचा. भाजायला ते नको, लवकर धुरावतं, शिवाय त्याचा वासच उडून जातो. वरनं घातलं तर तो शाबूत राहतो.

आंबटही शेवटीच. लिंबू, चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी आधी लावलं तर भाजी मऊ व्हायला वेळ लागतो आणि रंगही नीट चढत नाही. शेवटी लावलं की जी चव इतका वेळ जड, गोडसर, एकसुरी वाटत असते ती एकदम जागी होते. माझा अनुभव असा की ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटतं तेव्हा दहातल्या आठ वेळा ते मीठ नसतं, आंबट असतं. गाजर-कांद्याला चिंचेचा कोळ आणि चिमूटभर गूळ एकत्र करून, ताट वाढायच्या आधी. गूळ भाजताना घालायचा नाही, जळतो आणि ट्रे घासताना आई आठवते.

कोळशावर तूप टाकून धुंगार देण्याची हल्ली फॅशन आली आहे. पनीरला देतात, डाळीला देतात, आता भाजलेल्या भाजीलाही. वांग्याला नीट भाजलं तर गरज नाही आणि गाजराला दिला तर गाजर हरवतं. तुम्हाला आवडत असेल तर द्या, पण मग भाजायचे कष्ट कशाला, उकडून धुंगार दिला तरी तेच लागेल.

काय भाजू नये तेही सांगतो. दुधी, दोडका, पडवळ यांत पाणी इतकं की ते जाईपर्यंत भाजीच जाते. चार दोडक्यांची ओंजळभर चिंधी हाती लागते. दोडक्याची आपली रस्साभाजीच करा. फक्त शिरा फेकू नका. त्या बारीक कातरून, पंख्याखाली वाळवून, बिडाच्या तव्यावर चमचाभर तेलात आवाज थांबेपर्यंत भाजा, तीळ आणि सुकं खोबरं वेगळं भाजून घ्या, लसूण-मिरची-मीठ घालून कुटा. दुसऱ्या दिवशी डब्याला.